कल्हई काढायला आलेला माणूस

एकोणीसशे सत्तावन्न साल. त्या वर्षी टोमॅटो इतका पिकला, की भाजीवाल्या बायका संध्याकाळी उरलेल्या टोपल्या परत न्यायचे कष्टही घेत नसत. रस्त्याच्या कडेलाच उपड्या करून जात. असा फुकटचा माल पडलेला बघून कुणाला वर्षभराचा सॉस करून ठेवावासा वाटतो. एकाला बाबा व्हावंसं वाटलं.

गिरणीमागच्या गल्लीतल्या सामाईक अंगणात त्या सोमवारी पाय ठेवायला जागा नव्हती. नळाच्या कट्ट्यावर, जिन्याच्या पायऱ्यांवर, खिडक्यांच्या गजांना धरून माणसंच माणसं. मधोमध तीन दगडांवर एक मोठं पातेलं आणि शेजारी स्टुलावर एक गुबगुबीत गृहस्थ, अंगात लाल कफनी, हातात लाकडी डाव. गल्लीने त्याला रसबाबा म्हणायला सुरुवात केली होती. आधी काय म्हणत, हे त्याने सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

"लेकरांनो, काल हे लोखंडाचं पातेलं तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. आतून काळं, बाहेरून काळं. का काळं? तुमच्या रोगांनी काळं! तुमच्याच हातांनी यात टोमॅटो पडले, मीठ पडलं, शिरका पडला. रस शिजला, रात्रभर मुरला. आम्ही काय केलं? काही नाही. आम्ही नुसता डाव. ढवळणारा वेगळाच आहे."

त्याने दोन बाप्यांकडून पातेल्यातला सॉस घमेल्यात ओतून घेतला आणि पातेलं लोकांकडे कलतं केलं. आतून ते लालपिवळं लखलखत होतं.

"सोनं झालं गं बाई!" कोपऱ्यावरची शिंपीण किंचाळली आणि अंगणभर हात जोडले गेले.

गर्दीच्या मागे थोरली उभी होती. थोरली मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकीण. तिची धाकटी बहीण या गल्लीत दिलेली. दर मोसमात थोरली वसतिगृहासाठी चाळीस बाटल्या सॉस घालायची, त्यामुळे तिला सोन्यापेक्षा घमेल्यातला सॉस आधी दिसला. टोमॅटो देठासकट टाकलेले. साली तरंगतायत, बिया तरंगतायत. तिच्याकडे टोमॅटो आधी उकळत्या पाण्यातून काढून सोलले जात, मग चाळणीतून घासले जात. कांदा, लसूण, लवंग फडक्यात बांधून सोडायची आणि शेवटी पिळून काढायची. सॉस झाला का, हे बघायला एक थेंब बशीवर टाकायचा. थेंबाभोवती पाण्याचं कडं सुटलं, तर अजून आटव. रसबाबाच्या सॉसभोवती तर तळंच साचलं होतं.

'देवाने करायचाच होता, तर निदान गाळून तरी करायचा,' असं मनात म्हणत ती बहिणीच्या खोलीकडे वळली.

तिथे मात्र तिचं हसू मावळलं. धाकटीची सात वर्षांची मुलगी, चिमणी, विषमज्वरातून नुकती उठलेली. डॉक्टरांनी पेज आणि विश्रांती सांगितलेली. धाकटीच्या सासूने त्यात रसबाबाची भर घातली होती. रोज सकाळी अनशापोटी चार चमचे.

गुरुवारी थोरली पुन्हा आली, तेव्हा चिमणी तस्तावर वाकून ओकत होती. पाठीचे मणके मोजता येत होते.

"कधीपासून?"

"सोमवारपासून रोज," धाकटी म्हणाली. "बाबा म्हणाले, रोग बाहेर पडतोय."

"रोग बाहेर पडतोय की पोरगी? अगं, आधीच तिच्या अंगात काय उरलंय?"

"ताई, हळू बोल. सासूबाई ऐकतील."

सासूबाईंनी ऐकलंच होतं. "ओकणारच! सगळी गल्ली ओकतेय. शिंपीण तर दोनदा ओकली, किती हलकं वाटतंय म्हणाली. रविवारी पूर्णवाटी आहे. वाटीभर प्यायली, की पोर उड्या मारेल."

"काकू, वाटीभर? चार चमच्यांत ही गत झाली!"

"तुमचं काय जातं हो? तुम्ही परक्या मुलींना रांधून घालता. ही आमची नात आहे."

थोरलीने धाकटीकडे बघितलं. धाकटीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. रविवारपर्यंत तीन दिवस होते आणि थोरलीच्या हातात 'मला पटत नाही' याखेरीज काही नव्हतं. तेवढ्यावर कुठली आजी ऐकते?

रविवारी सकाळी वसतिगृहाची भांडी न्यायची पाळी होती. कल्हईवाल्याच्या दुकानात नवसागराचा धूर भरला होता. म्हातारा भात्याशी बसून एक परात फिरवत होता.

"काय गं, आज तोंड का उतरलंय?"

"मामा, भाची आजारी आहे." आणि तिने सगळं सांगितलं. पातेलं, सोनं, ओकाऱ्या.

म्हाताऱ्याचा हात थांबला. "केवढं पातेलं? दोन मोठे कान? एका कानाला तीन रिबिटं, दुसऱ्याला दोनच?"

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"चाळीस वर्षं हा धंदा करतोय. लोक कल्हई लावायला येतात. कल्हई काढायला आलेला माणूस आयुष्यात एकच बघितला. लाल कफनी नव्हती तेव्हा. म्हणाला, आतली सगळी खरवडून टाका, पार तांबं दिसू दे. मी म्हटलं, अरे, आंबट शिजवलंस तर विष होईल. तर हसला."

"तांब्याचं आहे ते? मग काळं कसं?"

"रिकामं जाळावर तापव की! काळंठिक्कर पडतं. आंबट आणि मीठ लागलं, की निघालं लख्ख. ते काळं आणि वर थोडं तांबं, सगळं तुमच्या सॉसात."

म्हणजे रोज संध्याकाळी "पातेल्याला एकांत हवा" म्हणून दार लावून घेणारा बाबा आत भांडं जाळत बसायचा.

"मामा, लोकांना हे दिसणार कसं?"

"लोखंडाचा सुरा घे. राखेने घासून चकचकीत कर. त्या सॉसात अर्धा तास ठेव. तांबं येऊन सुऱ्यावर बसेल. बसायला हवं," म्हातारा म्हणाला आणि त्याने परात बाजूला ठेवली. "चल, मीही येतो."

तो "हवं" शब्द थोरलीला खटकला. पण करून बघायला वेळ नव्हता.

अंगणात वाट्या मांडलेल्या होत्या. पहिल्या रांगेत सासूबाई, मांडीवर चिमणी. थोरली सरळ पुढे गेली आणि तिने घमेल्यातल्या सॉसात राखेने घासलेला लोखंडी सुरा उभा केला.

"हा काय पाखंडीपणा?" रसबाबा गरजला.

"घाबरलात? सुराच आहे. तुमच्या अमृताने सोन्याचा झाला, तर तुमचंच नाव होईल. अर्धा तास थांबा."

सोन्याचा सुरा कुणाला बघायचा नव्हता? लोक थांबले. तेवढ्यात थोरलीने पिशवीतून वसतिगृहाच्या माळ्यावरची, सकाळी भांड्यांबरोबर कल्हईला आणलेली तांब्याची पळी काढली. वर्षानुवर्षं पडून काळी झालेली. अर्धा टोमॅटो, चिमूटभर मीठ. घासली, घासली, आणि वर धरली. लालपिवळी, लखलखीत.

"या पळीला कुठला रोग झाला होता हो, बाबा?"

कुणीतरी हसलं. रसबाबाने डोळे मिटले. "पाहिलंत? आमच्या सान्निध्याने बाईच्या हातातसुद्धा सिद्धी उतरली!"

आणि काय सांगावं, पाचसहा जणांनी थोरलीलाही हात जोडले! पोस्टमन तर पाया पडायला वाकला.

"ऊठ रे गाढवा," थोरली म्हणाली. "टोमॅटोच्या पाया पड."

"मला ओळखलंत का?" कल्हईवाल्याने विचारलं. "माझ्याकडून कल्हई खरवडून नेलीत. या कानाला दोनच रिबिटं आहेत, मोजा कुणीही."

"आम्ही या माणसाला पाहिलं नाही."

"बरं. मग या सॉसची एक वाटी तुम्हीच प्या," थोरली म्हणाली. "सगळ्यांसमोर."

"आम्हाला रोग नाही."

"मग ओकारीही होणार नाही. प्या ना."

"आमचा आज उपास आहे."

"बघा! वाटायला अमृत आणि स्वतःला उपास!"

अर्धा तास झाला. थोरलीने सुरा उचलला, पाण्याखाली धरला. पातं मुठीपर्यंत तांबूस झालं होतं, अंगावर पत्रा चढवल्यासारखं.

"सोनं!" शिंपीण म्हणालीच.

"तांबं," कल्हईवाला म्हणाला. "भांड्यातून सॉसात, सॉसातून सुऱ्यावर. आणि आठवडाभर तुमच्या पोटात."

सासूबाईंनी सुरा हातात घेतला. पात्यावरून नख ओढलं, मग वाटीत बोट बुडवून जिभेला लावलं. आठवड्यात पहिल्यांदाच त्यांनी सॉस भक्तीशिवाय चाखला.

"कळकलंय," त्या म्हणाल्या. "अगं बाई, हे कळकलंय! कल्हई गेलेल्या भांड्यात मी ताकाचा थेंब ठेवत नाही. आणि पोरीला रोज..."

त्यांनी वाटी उचलली आणि रसबाबाच्या कफनीवर रिकामी केली. चिमणीला उचललं आणि चपला तिथेच टाकून दवाखान्याकडे धावल्या. धाकटी मागून.

चिमणी पंधरा दिवसांत हिंडूफिरू लागली. पुढे टपाल कचेरीत लागली, आता तिलाच नातवंडं आहेत. सासूबाईंनी थोरलीची माफी कधी मागितली नाही. दर वर्षी सॉसाच्या दिवसांत मात्र वसतिगृहात येऊन मुकाट्याने टोमॅटो सोलून जायच्या. धाकटी त्या दिवसानंतर सासूसमोर बोलायला शिकली आणि मग काही थांबली नाही. कल्हईवाल्याचा धंदा स्टीलने खाल्ला. दुकान बंद केलं त्याच वर्षी तो गेला. थोरली वसतिगृहातून निवृत्त होऊन बहिणीशेजारीच राहिली, ऐंशी वर्षांची होऊन वारली. रसबाबा त्याच दुपारी पसार झाला. पातेलं टाकून गेला, कारण दुसरं मिळतं. गिऱ्हाईकही मिळतं: गल्लीतल्या पोस्टमनने दोन वर्षांत अंगारा देणारा नवा बाबा गाठला आणि शिंपीण त्याच्या मागोमाग रांगेत उभी राहिली.

त्यांची कीव करायचं कारण नाही. त्या अंगणातल्या एकूण एक बाईला ठाऊक होतं, की कल्हई गेलेल्या भांड्यात आंबट ठेवू नये. आतून लालपिवळं तांबं चमकताना दिसलं, तरी ठाऊक असलेलं त्यांनी आपण होऊन बाजूला ठेवलं, कारण समोर कफनी होती. साधं मडकं घेतानासुद्धा आपण ते उचलून, फिरवून, बोटाने वाजवून बघतो. त्यात फक्त पाणी ठेवायचं असतं. ज्याच्या हाती लेकरू द्यायचं, त्याला दोन प्रश्न विचारायला लाजू नका. खरा असेल तो उत्तर देईल. चिडला, तर लेकरू उचला आणि घरी चला.