पुलावरची पन्नास मिनिटं

“पाच दहा ते सहा, पूल,” ब्रेनेकेबाईंनी कागदावरून मोठ्याने वाचलं. “पन्नास मिनिटं? पूल कुठे निघून जाणार आहे का, हेर्र त्साइडलर?”

“व्युर्झबुर्गला तशी पद्धतच आहे, फ्राऊ ब्रेनेके. लोक माइन नदीवरच्या जुन्या पुलावर वाइनचा पेला घेऊन उभे राहतात.”

“उभे? माझ्या गुडघ्यांना विचारलंत का?”

गुडघे कार्यक्रमात नव्हते. बाकी सगळं होतं. गाडी, डबा, खिडकीजवळची जागा, वेगवेगळ्या मजल्यांवर दोन खोल्या, पाऊस आलाच तर वेगळा कागद. फोल्कमार त्साइडलर लिफ्टदुरुस्तीतून निवृत्त झालेले. दोन दिवसांच्या सहलीसाठी त्यांनी दोन महिने खर्ची घातले होते.

खरी सहल त्या पन्नास मिनिटांचीच होती. आमच्याकडे जर्मनीत ‘तुम्ही’चं ‘तू’ करायचं तर वयाने मोठं असेल त्याने आधी म्हणायचं, नाहीतर बाईने. मग पेल्याला पेला लावायचा की झालं. ब्रेनेकेबाई तीन वर्षांनी मोठ्या, आणि बाई तर होत्याच. त्साइडलरांना फक्त वाट पाहता येत होती. अकरा वर्षं, दर रविवारी तीन वाजता, एक मजला चढून, केकसमोर बसून ते वाट पाहत होते. लिफ्टमध्ये अडकलेले लोक हयातभर त्यांची वाट पाहत आले. आता पाळी त्यांची होती.

बाईंनी चष्मा काढला. “पेला हातात आला की मी काय म्हणायचं?”

“काही नाही. पेला उंचावून ‘प्रोस्ट’ म्हणायचं.”

“खोटं तुम्हाला मुळीच जमत नाही.” बाई हसल्या. मग हसायच्या थांबल्या. “माझ्या नवऱ्याला मी पहिल्याच संध्याकाळी ‘तू’ म्हटलं. पुढे चाळीस वर्षं आम्ही त्याच शब्दाने एकमेकांवर ओरडलो. तुमच्याशी माझं एकदाही भांडण नाही. ‘तुम्ही’ म्हणून ओरडताच येत नाही हो. एवढं ‘तुम्ही’ मला राहू द्या.”

“भांडलो असतो की,” त्साइडलर म्हणाले.

“काय म्हणालात?”

“केक छान झालाय.”

“कालचा आहे. आणि व्युर्झबुर्गला तुम्ही एकटे जाऊन या. मला फोटो दाखवा.”

त्साइडलरांनी कागदाची घडी घातली, उद्या जिना पुसायची पाळी आपली असल्याचं सांगितलं आणि ते खाली आले. हॉटेलला त्यांनी चार ओळींत कळवलं : दोन्ही खोल्या रद्द.

उत्तर लगेच आलं. नव्या पद्धतीचं हॉटेल, तिथे सगळे सगळ्यांना मित्रच समजतात.

‘हाय फोल्कमार! तू येणार नाहीस? फार वाईट वाटलं. आम्ही तुझी वाट पाहत होतो.’

त्साइडलरांनी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मोठ्याने. मग शर्टाचं वरचं बटण लावून उत्तर लिहायला बसले. ‘आदरणीय महोदय, आपण तत्परतेने कळवलंत, त्याबद्दल मी आपला आभारी आहे.’

खाली पूर्ण नाव लिहिलं.