खिंडीचा रस्ता

तव्यावर भाकरी टाकून योगिता शेडबाहेर आली, डोळ्यांवर आडवा हात धरून तिनं माळाकडं बघितलं आणि धुरळा दिसला नाही म्हणून परत आत गेली. तोवर भाकरी एका अंगानं काळी झाली होती. सकाळपासून तिचं हेच चाललं होतं. पुऱ्यांचं पीठ मळून झालं होतं, वांगी चिरून पाण्यात पडली होती, मसालेभाताचं पातेलं घासून पालथं घातलं होतं. काम सगळं जागच्या जागी होतं, तीच तेवढी जागेवर नव्हती.

हाताखालच्या विमलबाईनं दोनदा सांगून पाहिलं की एक तर आत बस, नाहीतर बाहेरच उभी राहा. योगितानं ऐकल्यासारखं केलं आणि करपलेली भाकरी शेडमागच्या कुत्रीला टाकायला म्हणून पुन्हा बाहेर गेली. धुरळा दिसायचं खरं तर कारणच नव्हतं. भावाला इकडून येऊ नको म्हणून तिनंच तर सांगितलं होतं.

भाऊबीज कधीच होऊन गेली होती, पण योगिताची अजून व्हायची होती. तिचा धाकटा भाऊ लखन मेंढरं राखायचा. दिवाळीच्या सुमाराला आष्टीकडचा माळ वाळला की चार घरांची माणसं, घोडी, कुत्री आणि मेंढरं घेऊन ते दिंद्रुडकडच्या काळ्या रानाला निघायचे. वाटेवरच्या माणसाला तिथी कुठली पाळता येते? म्हणून त्यांच्या घरात ठरूनच गेलं होतं की मेंढरं बहिणीच्या दारात येतील तो दिवस भाऊबिजेचा. लग्नानंतर एकही वर्ष चुकलं नव्हतं. कधी लवकर, कधी मार्गशीर्ष लागल्यावर, पण मेंढरं यायची आणि रात्रभर तिच्या दारात बसायची.

दार म्हणजे आता केशरनगर. मांजरसुंब्याच्या फाट्यापासून थोडं आत विठ्ठलरावांचं माळरान होतं. तिथं त्यांनी प्लॉट पाडले आणि बायकोचं, केशरबाईंचं, नाव दिलं. नकाशावर सगळं होतं. तीस फुटी रस्ते, मंदिर, दुकानांचे गाळे, बगीचा. रस्ते झाले, मंदिर झालं, गाळेही होत आले, बगीचा मात्र इतकी वर्षं नकाशातच हिरवा राहिला. राहायला आले ते मास्तर, कंडक्टर, बँकेतली माणसं. एकसारखी घरं, एकसारखी फाटकं, आणि प्रत्येक फाटकामागं शेजाऱ्यापेक्षा एक कुंडी जास्त.

बाहेरचं खायचं तर तीन ठिकाणं होती. कमानीपाशी भागवतचा गाडा. तिथं सकाळी पोह्यांबरोबर कॉलनीतल्या सगळ्या भानगडीही गरम गरम मिळायच्या. हायवेवर ढाबा. तिथं पुरुषमंडळी जेवायला म्हणून जायची आणि जेवण सोडून बाकी सगळं करून यायची. आणि मधल्या मोकळ्या जागेत योगिताचं पत्र्याचं भोजनालय. एकटे राहणारे मास्तर, बदलून आलेले साहेब, बायको माहेरी गेलेले नवरे, सगळे तिच्या भाकरी-पिठल्यावर जगायचे. कॉलनीतल्या बायका सुरुवातीला नाकं मुरडायच्या. पुढं घरी अचानक पाहुणे टपकले की त्याच मागच्या दारानं डबा पाठवायला लागल्या.

आता मात्र बगीचा खरोखरच होणार होता, आणि तो योगिताच्या शेडच्या जागेवर होणार होता. शेड उचलावं लागणार हे नक्की. कोपऱ्यातला गाळा मिळाला तर भोजनालय टिकणार, नाही मिळाला तर नवरा नाथा ऊसतोडीच्या टोळीबरोबर जायचं बोलायला लागला होता. गाळे कुणाला द्यायचे ते कॉलनीची समिती ठरवणार होती, आणि समिती म्हणजे विठ्ठलरावांची सून तेजश्री.

तेजश्री काल संध्याकाळी स्वतः शेडवर आली होती. उद्या वृक्षारोपण आहे, बाहेरचे पाहुणे येणार आहेत, जेवण तुझ्याकडं, म्हणाली. जेवण नीट झालं की गाळ्याचं बघू, असंही म्हणाली. आणि जाता जाता वळून म्हणाली, "आवार तेवढं स्वच्छ राहू दे हं. गेल्या वर्षीसारखं नको."

गेल्या वर्षी लखनची मेंढरं शेडपाशी बसली होती. सकाळी सगळ्यांच्या फाटकांसमोर लेंड्या पडल्या होत्या आणि एका बाईंचा कढीपत्ता बुंध्यापासून गेला होता. कॉलनीच्या ग्रुपवर चार दिवस त्याचे फोटो फिरत होते. तेजश्रीनं काल मेंढरांचं नावही काढलं नाही. ते योगितानं आपल्या मनानंच भरून घेतलं, आणि ती गेल्याबरोबर लखनला फोन लावला.

पाटोद्याच्या पुढं आलोय, उद्या दुपारपर्यंत तुझ्या दारात, असं तो सांगत होता. मागं कुत्री भुंकत होती. योगितानं मधेच तोडलं.

"आरं, हिकडून येऊ नको. उद्या हितं कार्यक्रम हाय, गाड्या लई येणार हायत. खिंडीच्या अंगानं काढ मेंढरं."

लखननं आधी कुत्र्यांना गप्प केलं.

"बरं," लखन म्हणाला. "खिंडीनं जातो."

"दुपारचं आटपलं की मीच येते ओवाळायला."

"ये की आक्का."

का म्हणून त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला बरं वाटलं असतं, निदान त्याच्यावर चिडता तरी आलं असतं.

कार्यक्रम व्हायचा तसा झाला. पाहुणे उशिरा आले, भाषणं लांबली, खड्ड्यात रोपं ठेवताना प्रत्येकानं झाडाकडं कमी आणि फोटो काढणाऱ्याकडं जास्त बघितलं. मग पंगती बसल्या. योगिता कढईपाशी होती तरी तिचे कान खिंडीकडं लागले होते. इतक्या लांबून काही ऐकू येणार नाही हे कळत असूनही ती मधेच झारा थांबवायची. एक घाणा जास्त तांबूस झाला. विमलबाईनं त्या पुऱ्या गुपचूप खाली दडवल्या.

विठ्ठलराव पंगतीत बसले नाहीत. त्यांचं वय झालं होतं, कारभार मुलाकडं, अमरसिंहाकडं, गेला होता, आणि स्टेजवरही आज त्यांना शेवटची खुर्ची मिळाली होती. ती खुर्ची उचलायला लावून ते योगिताच्या शेडच्या सावलीला येऊन बसले. तिनं ताट नेऊन दिलं. त्यांनी एक पुरी खाल्ली, ताट बाजूला सरकवलं आणि तिला जवळ बोलावलं.

"तुझा भाऊ यंदा कावून आला न्हाई गं?"

योगितानं पदराला हात पुसले. हात कोरडेच होते.

"लांबून गेला आसंल, आबा."

"लांबून कावून जाईल? त्याचा बाप ह्याच रानात मेंढरं बसवायचा. तू परकरात व्हतीस तवा."

तिला सगळं आठवत होतं. याच जागेवर जाळ्या ठोकून मेंढरं बसायची, रानाला खत मिळायचं, आणि विठ्ठलरावांच्या घरून ज्वारीचं पोतं यायचं. आता भोजनालयाची चूल होती तिथंच तिच्या आईनं तीन दगड मांडलेले असायचे.

विठ्ठलराव सांगत राहिले. बगीच्याच्या पलीकडं बांधाला लागून एक तुकडा त्यांनी अजून विकू दिला नव्हता. यंदा तर नांगरूही दिला नव्हता. ज्वारीची धाटं काढून तसाच ठेवला होता, की मेंढरं येतील, दोन-तीन रात्री बसतील, रान सुधारेल. अमरसिंहाला त्या तुकड्यात चार प्लॉट दिसत होते. दिवाळीपासून बापलेकांचं त्यावरूनच वाजत होतं.

"लखनला निरोप दे," ते म्हणाले. "म्हणावं म्हाताऱ्यानं जागा राखून ठिवलीय. चारा हाय, हिरीला पाणी हाय. माघारी फिरावं लागलं तरी फीर म्हणावं."

त्या तुकड्याला जायला वाट मात्र एकच होती. कमानीतून आत, प्लॉटांच्या मधून, आज लावलेल्या रोपांच्या कडेकडेनं.

पाहुण्यांच्या गाड्या गेल्यावर तेजश्री आली. ती फार खूश होती. वांग्याच्या भाजीचं प्रत्येकानं नाव काढलं, म्हणाली. सासरे खुर्चीतच डुलकी घेत होते, त्यांच्याकडं बघून तिनं आवाज खाली आणला.

"सोमवारी घरी ये आणि कोपऱ्यातल्या गाळ्याची किल्ली घेऊन जा. दोघेतिघे आडवे आले होते, पण मी ठामपणे सांगितलं. ही बाई नीटनेटकी आहे म्हटलं, हिच्याकडून कुणाला कधी त्रास होणार नाही."

योगिताला आनंद झाला, खोटं कशाला बोलायचं? छातीत एकदम मोकळं झालं. आता ऊसतोड नाही, उडणारा पत्रा नाही. विमलबाईला तिनं ते दोनदा सांगितलं. आणि सांगून झाल्यावर तिला लाज वाटली, कारण इतका वेळ लखनची आठवणसुद्धा झाली नव्हती.

भांडी तशीच टाकून तिनं तबक केलं. हळद-कुंकू, सुपारी, निरांजन, बुंदीचे दोन लाडू. मोठ्या डब्यात पुऱ्या आणि भाजी भरली, दडवलेल्या पुऱ्या मात्र घेतल्या नाहीत. नाथानं मोटारसायकल काढली. वाटभर ती मनाशी बोलत होती. सगळं सांगून टाकायचं. आबांचा निरोप द्यायचा, उद्या उजाडताच मेंढरं फिरवायला लावायची, आणि कमानीतून आत येताना आपण स्वतः पुढं चालायचं. कुणाला काय फोटो काढायचे ते काढू देत. दोन-तीनदा तिनं नाथाच्या पाठीवर हात ठेवून गाडी जोरात घे म्हणून सांगितलं.

खिंडीत पोचले तेव्हा दिवस कलला होता. जाळ्या ठोकून झाल्या होत्या. लखनची बायको अंजू डोक्यावर घागर घेऊन उतारावरून वर येत होती, आणि ती आली त्या बाजूला नजर पोचेपर्यंत कुठं हिरवं नव्हतं. पायाखाली दगड आणि दगडांच्या फटीतून कुसळं. पोट भरलेलं मेंढरू दिवस मावळायला खाली बसतं आणि रवंथ करतं, हे योगिताला लहानपणापासून माहीत होतं. इथं सगळी मेंढरं उभी होती. एक ओरडलं की दुसरं ओरडत होतं, आणि दावणीची घोडी सारखी पाय बदलत होती.

लखननं घोंगडी अंथरली, तोंडावर पाणी मारलं आणि डोईला टोपी घालून पूर्वेकडं तोंड करून बसला. वाऱ्यानं निरांजन टिकेना, तेव्हा अंजूनं पदराचा आडोसा धरला. योगितानं टिळा लावला, ओवाळलं, लाडू भरवला. त्यानं खिशातून खण काढून तबकात ठेवला. आष्टीच्या बाजारात घेतला होता, रंग आवडला का म्हणून विचारत होता.

"लई झ्याक हाय," ती म्हणाली.

मग लखनच्या पोरांनी डबा उघडला. लखननं कार्यक्रमाची चौकशी केली, गर्दी झाली होती का विचारलं. गाळ्याचं नाथानंच सांगून टाकलं. लखनचा चेहरा खरोखरच उजळला. त्यानं अंजूला हाक मारून पुन्हा सगळं ऐकवलं, शटर आहे का विचारलं, आत मोरी आहे का विचारलं. आपल्या घरात दुकानाचं शटर असलेलं हे पहिलंच माणूस, असं तो पोरांना सांगायला लागला. योगिता त्याच्याकडं बघत राहिली. निरोप सांगायचा तर आता सांगायला हवा होता.

"लखन," ती म्हणाली.

त्यानं वर पाहिलं. तिच्या तोंडाकडं बघून त्याला काय कळलं कोण जाणे, पण तिच्याआधी तोच बोलला.

"आक्का, पुढल्या साली बी हिकडूनच जावं म्हणतो. गाड्यांचं भ्याव न्हाई. आन् चारा बी बरा हाय."

अंजूनं नवऱ्याकडं पाहिलं आणि चुलीतलं लाकूड उगाच आत सारलं. जाळीपलीकडं मेंढरं तशीच उभी होती. योगितानं त्यांच्याकडं पाहिलं, कुसळांकडं पाहिलं, खण ठेवलेलं तबक उचलून पदराखाली धरलं.

"हां," ती म्हणाली. "चारा बरा दिसतोय."

"दिसतोय न्हवं?" लखन म्हणाला, आणि मेंढरांकडं पाठ करून त्यानं तिला गाडीपर्यंत सोडलं.