हाड म्हटलं की येतो

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मोजणीदारांनी हातातली खुंटी फेकली आणि ती हाडच्या मागच्या पायाला लागून तारेपलीकडे पडली. हाड ओरडला नाही. त्यानं एकदा खुंटीकडे पाहिलं, एकदा मोजणीदारांकडे, आणि तीन महिन्यांपूर्वी कुंपणाच्या ज्या तारेखालून तो आत आला होता, त्याच तारेखालून बाहेर गेला.

हाड हे कुत्र्याचं नाव. ते कुणी ठेवलं नव्हतं, पडलं होतं.

मोजणीदारांनी छत्तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजून दिल्या आणि निवृत्त झाल्यावर गावाबाहेरच्या आपल्या दीड एकरात येऊन राहिले. सोबत थोरली बहीण. ती इस्पितळात परिचारिका होती. सगळं गाव तिला ताई म्हणतं, मोजणीदारही ताईच म्हणतात. चार खोल्यांचं घर, मागं विहीर, विहिरीवर पंप आणि स्वयंपाकघराच्या दारापासून कुंपणापर्यंत भाजीचे वाफे. कामाची वाटणी पहिल्याच वर्षी ठरून गेली. आखायचं मोजणीदारांनी, पिकवायचं ताईंनी. खुंट्या ठोकून दोरी ताणल्याशिवाय मोजणीदार जमिनीत एक बी पडू देत नसत. दोन बियांमध्ये किती अंतर आहे ते पट्टीनं बघत. ताई कंबरेवर हात ठेवून म्हणायच्या, "अरे, घेवडा लावायचाय. हद्द कायम करायची नाहीये."

या सगळ्यावर देखरेख मुकादमाची. मुकादम म्हणजे घरचा जुना कुत्रा. काळा, जाडा, अकरा वर्षांचा. काम कोणाचंही असो, तो वाफ्याच्या टोकाला बसून बघत राही आणि काम संपलं की सगळ्यात आधी दमून झोपे.

उन्हाळा सुरू होता होता एक तांबडा कुत्रा तारेखालून आत आला. अंगानं काटकुळा, डावा कान कायमचा दुमडलेला. मोजणीदार पाइप टाकून धावले. "हाड! हाड!" कुत्रा तारेपर्यंत मागं गेला आणि तिथं बसला. मोजणीदार आत आल्यावर ताईंनी कुत्र्याला दुधात पाव कुस्करून नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी तेच. मोजणीदारांचं हाड, मग ताईंचं ताटलीतलं दूध. हे अकरा दिवस चाललं. बाराव्या दिवशी मोजणीदार दारातून ओरडले, "हाड!" आणि कुत्रा शेपूट हलवत, उड्या मारत, थेट त्यांच्या पायापाशी आला.

"बघ, नाव लक्षात ठेवलंय त्यानं," ताई म्हणाल्या.

"नाव कसलं? हाकलतोय मी त्याला!"

"ते तुला माहीत. त्याला कुठं माहीत आहे?"

ताईंनी दुसरी नावं लावून पाहिली. सोन्या म्हटलं, तांबू म्हटलं, पिल्लू म्हटलं. कुत्रा इकडेतिकडे बघायचा, दुसऱ्या कुणाला तरी बोलावताहेत असं वाटून. हाड म्हटलं की हजर. पुढं पुढं तर पंचाईतच झाली. बाहेरची शेळी वेलात शिरली आणि ताई "हाड!" म्हणाल्या, की शेळी जागची हलायची नाही, हा मात्र घराच्या पलीकडून धावत यायचा आणि शेळीशेजारी उभा राहून ताईंच्या तोंडाकडे बघायचा. पोस्टमन दोनदा हाड म्हणाला आणि तेव्हापासून पत्रं फाटकावरूनच टाकू लागला. म्हणाला, "तुमचा कुत्रा कोडगा आहे. जेवढं हाकलावं तेवढा लगट करतो."

मोजणीदारांनी त्याला कधी आपला म्हटलं नाही. "ताईंचा पाहुणा आहे," असं सांगत. पण संध्याकाळी झाडांना पाणी देताना पाइपचा मधला भाग ओढत नेण्याचं काम हाडनं आपल्याकडे घेतलं होतं, आणि मोजणीदारांनी ते कधी काढून घेतलं नव्हतं.

त्या सकाळचं असं झालं. आदल्या संध्याकाळी मोजणीदारांनी घेवड्याच्या नव्या वाफ्यावर बारा खुंट्या ठोकल्या होत्या, दोऱ्या ताणल्या होत्या, आणि ताईंनी बी टाकलं होतं. सकाळी उठून पाहतात तर आठ खुंट्या गायब. दोऱ्यांचा गुंता. सात खुंट्या पाण्याच्या टाकीखाली नीट एकावर एक रचलेल्या, आणि आठवी हाडच्या तोंडात. मोजणीदार ओरडले, "हाड!" हाड खूश होऊन वाफ्याच्या मधून, पेरलेल्या ओळी तुडवत, त्यांच्याकडे आला. "हाड! अरे हाड!" तो आणखी जोरात आला, मध्ये एक गिरकी घेतली, त्यात आणखी दोन ओळी गेल्या. आठवी खुंटी त्यानं मोजणीदारांच्या पायाशी ठेवली आणि शाबासकीची वाट बघत बसला. मोजणीदारांनी ती उचलली आणि फेकली.

हे कुणी पाहिलं नाही. मुकादमानं पाहिलं.

सात वाजता चहा पिताना ताईंनी विचारलं, "हाड कुठं दिसत नाही?"

"असेल इकडंच."

मोजणीदारांनी दोऱ्या सोडवल्या, खुंट्या परत ठोकल्या, तुडवलेल्या ओळींची माती सारखी केली. नऊला ऊन चढलं. ताईंनी टोमॅटोच्या आळ्यांत वाळलेलं गवत पसरलं, काकडीच्या वेलाला काठीचा आधार दिला. अकरा वाजता हाडची ताटली होती तशीच भरलेली होती आणि तिला मुंग्या लागल्या होत्या. दुपारी सगळी सामसूम झाली. घराच्या खिडक्यांना ओल्या चादरी लावल्या होत्या. मुकादम रोज विहिरीच्या कठड्याच्या सावलीत झोपतो. त्या दिवशी तो भर उन्हात, तारेखालच्या फटीपाशी आडवा पडला होता. मोजणीदारांनी त्याला दोनदा सावलीत आणला, दोनदा तो परत तिथं गेला.

चार वाजता ताईंना कुंपणाबाहेर, तारेपासून दोन हातांवर, एक खुंटी सापडली. ती त्यांनी आणून मोजणीदारांच्या समोर टेबलावर ठेवली.

"ही बाहेर कशी गेली?"

मोजणीदारांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मी फेकली."

"त्याला मारलीस?"

"फेकली. लागली."

"कुठं लागली?"

"मागच्या पायाला. उजव्या."

"रक्त आलं?"

"दिसलं नाही."

"सहापासून आता चार वाजले. दहा तास तू गप्प बसलास?"

"मला वाटलं, येईल."

ताई उठल्या, पंप सुरू केला आणि पाइप घेऊन भोपळ्याच्या वेलाकडे गेल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "जा. हाक मार त्याला."

"कशी मारू?"

"रोज मारतोस तशी."

मोजणीदार फाटकाबाहेर आले. रस्ता रिकामा होता, डांबर मऊ पडलं होतं. त्यांनी घसा साफ केला आणि ओरडले, "हाड!" आवाज स्वतःलाच ओशाळवाणा वाटला. पन्नास पावलं गेले, परत ओरडले. तिसऱ्या वेळी शिंपीणबाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"मोजणीदार, कुणाला हाकलताय? रस्त्यावर चिटपाखरू नाही."

"हाकलत नाही, बोलावतोय. आमचा कुत्रा. हाड नाव आहे त्याचं."

"काय?"

"हाड. तेच नाव पडलंय."

शिंपीणबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई! म्हणजे तो तांबडा? दुमडक्या कानाचा? सकाळी दारात आला, मी म्हटलं हाड. तर हा जवळ. परत म्हटलं हाड, तर हा पायरीवर. म्हटलं काय निलाजरं जनावर आहे! शेवटी केरसुणी उगारली."

"लंगडत होता?"

"पाय जरा उचलून धरत होता. मग समोरून सायकलवाल्यानं हाड म्हटलं, तर तिकडे पळाला."

सायकल दुरुस्तीवाला चाकात हवा भरत होता. त्यानं पंप थांबवला नाही. "हो, मीच की. चार वेळा म्हटलं हाड. चार पावलं पुढं आला. पाचव्यांदा पाना उगारला, तेव्हा गेला. मला वाटलं बहिरा आहे." मग मोजणीदारांचा चेहरा बघून त्यानं पंप थांबवला. "तुमचा होता का? आधी सांगून ठेवायचं ना, राव. असलं नाव कुणी ठेवतं का?"

"मी ठेवलं," मोजणीदार म्हणाले.

पुढं पिठाची गिरणी, मग गुरांचा गोठा. दोन्हीकडे तोच मजकूर. मोजणीदारांना चालताना पावलं मोजायची सवय आहे, कुणी न सांगताही ते मोजत असतात. त्या दिवशी चारशेच्या आसपास त्यांचा आकडा सुटला. सबंध सकाळ सबंध रस्त्यानं त्याला नावानं हाक मारली होती, आणि तो जवळ गेल्यावर प्रत्येकानं हात उगारला होता. हे डोक्यात आल्यावर पुढचा आकडा त्यांना आठवला नाही.

दोन किलोमीटरवर रोपवाटिका आहे. तिथला राखणदार खाटेवर बसून रोपांच्या पिशव्यांत माती भरत होता. मोजणीदारांनी विचारण्याआधीच म्हणाला, "तांबड्या कुत्र्याचं विचारताय ना? तुमचं हाड हाड मघापासून ऐकू येतंय. अकरापासून इथं जाळीच्या सावलीत होता. मी काही बोललो नाही. मला कुत्र्याचं वावडं नाही. पाणी प्याला, झोपला."

"मग आता कुठाय?"

राखणदारानं हातातली पिशवी खाली ठेवली. "चार वाजता टेम्पो भरत होतो. हा फळीपाशी आला, तर ड्रायव्हर म्हणाला हाड. झालं! उडी मारून वर. उतरवला, तो परत म्हणाला हाड, हा परत वर. आम्ही हसून हसून बेजार. ड्रायव्हर म्हणाला, बसू दे, रोपं खात नाही ना, शहरापर्यंत सोबत होईल."

"शहरापर्यंत? नव्वद किलोमीटर?"

"आम्हाला काय माहीत, मोजणीदार. पट्टा नाही गळ्यात, काही नाही. कुणाचा म्हणून विचारायचं?"

पट्टा नव्हता, हे खरं. ताईंनी दोनदा आणायला सांगितला होता. मोजणीदार म्हणाले होते, पाहुण्याला कसला पट्टा.

ड्रायव्हरचा फोन लागत होता, पण तो उचलत नव्हता. राखणदारानं त्याला मोजणीदारांचा नंबर पाठवून ठेवला आणि त्यांना मोटरसायकलवरून घरी सोडलं. ताई ओट्यावर बसल्या होत्या. शेजारी त्यांची औषधाची पेटी, वरचा कप्पा उघडलेला, पट्ट्या आणि मलम काढून ठेवलेलं. मोजणीदारांनी सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. शिंपिणीची केरसुणी सांगितली, पट्ट्याचंही सांगितलं. ताईंनी पेटी बंद केली नाही.

"मलमाला घाई नाही," एवढंच म्हणाल्या.

सात वाजून चोवीस मिनिटांनी फोन वाजला. उजेड अजून होता. मोजणीदारांनी तो मोठ्या आवाजावर टाकला.

"कुत्र्याचे मालक का तुम्ही?" ड्रायव्हर विचारत होता. मागं गाड्यांचा आवाज होता.

मोजणीदारांनी ताईंकडे पाहिलं. "हो. मालक."

"मी पेट्रोल पंपावर आहे. फळी उघडली तसा खाली उतरला आणि हवेच्या मशीनमागं जाऊन बसलाय. निघेना. मी रोपं टाकून रात्रीच परत फिरतो, सकाळी दहापर्यंत तुमच्या दारात सोडला असता. पण गाडीत तर चढायला पाहिजे."

"हाड म्हणा," मोजणीदार म्हणाले.

"म्हटलं की! मघाशी म्हणून तर चढला होता. आता म्हटलं तर मागं सरकतो. पंपावरची माणसंही तेच म्हणत होती, ती मारायला उठली होती. बिस्किट दाखवलं, चुचकारलं, काही नाही. दुसरं काही नाव आहे का?"

"नाही. तेच."

विहिरीवरचा पंप चालू राहिला होता. तो ताईंनी जाऊन बंद केला.

"फोन त्याच्याजवळ नेता का?" मोजणीदार म्हणाले. "मी बोलतो."

पावलांचा आवाज आला. मग ड्रायव्हर लांबून म्हणाला, "धरलाय. बोला."

मोजणीदारांनी फोन तोंडाजवळ धरला. तो शब्द गोडीत कसा म्हणायचा, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी हळूच म्हणून पाहिलं. "हाड." ते कुणाचंही वाटलं असतं.

"असं नाही," ताई म्हणाल्या. "हे त्यानं कधी ऐकलंय? रोजच्यासारखं म्हण. खेकस."

मोजणीदार उभे राहिले, वाफ्यांकडे तोंड केलं आणि रोज सकाळी दारातून ओरडत तसे ओरडले. "हाड! अरे हाड!"

तारेपाशी पडलेला मुकादम उठून उभा राहिला.

"काय झालं?" ताईंनी फोनकडे वाकून विचारलं.

"कान उभा केला," ड्रायव्हर म्हणाला. "डावा. दुमडलेला होता तो."

"उठला का?"

"बघतोय फोनकडे. थांबा, मागच्या गाडीवाल्याला पुढं यायचंय, हॉर्न देतोय..."

फोन कट झाला. सात वाजून एकतीस मिनिटं झाली होती. मोजणीदारांनी दोनदा फिरवला. दोन्ही वेळा घंटी वाजली, कुणी उचलला नाही. हाडचा डावा कान उभा होता, यापलीकडे आठ वाजेपर्यंत काही कळलं नव्हतं.