पाऊण मापाचं

मी पाऊण मापाचं व्हायोलिन बोलतोय. बोलायची हौस नाही. आमचा संगीताचा वर्ग चालवणाऱ्या हान्ह बाईंनी फतवा काढलाय, कपाटातल्या प्रत्येक वाद्याची गोष्ट देणगीदारांच्या पुस्तिकेत छापायची, गोड असावी, एक पान. गोड हवी असेल तर त्या नव्या चेलोकडे जा. त्याला अजून कुणी धड हातही लावलेला नाही. माझ्याकडे आहे ते असं आहे.

एका मोठ्या कारखान्यात एका दिवसात आम्ही चाळीस जण तयार झालो. पुढे एका थंड देशातल्या मुलाकडे गेलो. तो अकरा महिन्यांत वाढला आणि मी पोटमाळ्यावर पडलो. किती वर्षं, ते मोजायला मला कुणी शिकवलं नाही. मग कुणाला तरी दया आली आणि खोक्यातून मी इथे ह्वे शहरात उतरलो.

आमचा वर्ग पुनर्वसनाच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. खालची माणसं आधी नदीवर नावेतच राहायची, नावेतच जन्मायची. सरकारनं त्यांना चार भिंती दिल्या, पण अजूनही घरात शिरताना डोकं वाकवतात, नावेचं छप्पर असल्यासारखी. त्यांच्या पोरांना बुधवारी आणि शनिवारी फुकट शिकवायचं, हे काम विएन मास्तरांचं. माणूस बारीक, चिडका, पण वर्ग एकदाही चुकवला नाही. एवढं मी त्याचं मान्य करतो.

लिऊ नऊ वर्षांची असताना मला तिच्या हातात दिलं. तिची आई नदीतून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायची आणि रस्त्याच्या कडेला तिसऱ्यांच्या शेवया विकायची. लिऊच्या बोटांना कायम तिसऱ्यांचा वास. मला शिसारी यायची. पण पहिल्याच महिन्यात त्या पोरीनं माझ्यातून असा आवाज काढला, की मास्तरांच्या हातातला चहा निवून गेला. कारखान्यात माझ्यात असं काही घातलेलं नव्हतं. मग ते आलं कुठून, मला आजवर कळलेलं नाही.

मास्तर आईला म्हणाले, "हिला बारावं लागलं की संगीत विद्यालयाच्या परीक्षेला बसवतो. निवडली गेली तर शिक्षण फुकट, राहणं फुकट."

आई म्हणाली, "फुकट असलं तरी तिसऱ्या सोलायला एक हात कमी होईल ना, मास्तर." आणि हसली. पण त्या दिवसापासून तिनं लिऊला सोलायला बसवलं नाही.

आता मापाचं ऐका, सगळं घोडं तिथंच अडलं. व्हायोलिन मुलाच्या हाताच्या मापाचं लागतं. दर चांद्र महिन्याच्या पहिल्या वर्गाला मास्तर एकेकाला उभं करायचे. वाद्य मानेशी, डावा हात सरळ. माझ्या मानेच्या टोकाला लाकडाची गुंडाळी आहे. तळवा तिच्यावर जेमतेम बसला तर माप बरोबर. गुंडाळी मुठीत मावून हात पुढे उरला, तर पोर मोठं झालं. मग वाद्य परत करायचं आणि मोठ्या मापाचं मिळेपर्यंत थांबायचं. मोठी होती तीनच, तिन्ही दिलेली. थांबलेली पोरं बाकावर बसून दुसऱ्यांचं ऐकायची. दोन महिन्यांनी बाक रिकामा. कुणी हॉटेलात भांडी घासायला, कुणी शिवणकामाला. परत आलेलं एकही मी पाहिलं नाही.

लिऊनंही ते पाहिलं होतं. अकरावं लागता लागता तिचा हात वाढला. तिनं काय करावं? मापाच्या दिवशी आईचं सैल जाकीट घालून यायची. मला मानेशी न धरता दोन बोटं पुढे, खांद्याच्या टोकावर टेकवायची, कोपर बाहीत किंचित वाकवायची. तळवा जेमतेम गुंडाळीवर. मास्तर मान हलवून पुढच्याकडे जायचे. रांगेतल्या प्रत्येक पोराला ते दिसत होतं. एकानंही तोंड उघडलं नाही.

पण माझ्या अंगाला ते कसं लपणार? तिची बोटं जाड झाली होती आणि माझी पट्टी तेवढीच. दोन स्वरांच्या मधे जागाच उरेना. बोट सरकायचं, स्वर वर चढायचा. तिला ऐकू यायचं. प्रत्येक वेळी ती डोळे मिटायची.

मास्तरांनी आधी दोष मला दिला. पोटातली लाकडाची दांडी सरकवली, तारा बदलल्या, आणि म्हणाले, "मेलेलं लाकूड आहे." मग परीक्षेला तीन आठवडे राहिले असताना, सगळ्या पोरांसमोर त्यांनी तिला थांबवलं.

"वर चढतेस. पुन्हा वर चढतेस. कान गेला तुझा, लिऊ. दोन वर्षांपूर्वी होता, आता नाही. होतं असं काही मुलांचं."

"पुन्हा वाजवू, मास्तर?"

"कशाला? परीक्षकांना हसवायला? जा, आईच्या टपरीवर बस. तिथं कान लागत नाही."

ती म्हणू शकली असती, माझा हात मोजा. पण हात मोजला असता तरी मी गेलोच असतो. तिनं माझ्यावरची राळेची भुकटी पुसली, वाजवायचा गज सैल केला, मला पेटीत ठेवलं. "येते, मास्तर," म्हणून वाकली. जिन्यावर तिच्या पावलांचा आवाज शेवटच्या पायरीपर्यंत एकसारखा आला. पळाली असती तर मला बरं वाटलं असतं.

मग मी छोट्या न्गाकडे गेलो. न्गा काही लिऊ नव्हे, पण वाजवते मन लावून. दोन वर्षं गेली. गेल्या चैत्रात मापाच्या दिवशी न्गा थोरल्या भावाचं जाकीट घालून आली, आणि मला दोन बोटं पुढे टेकवलं. पण ही वेंधळी. जाकीट खांद्यावरून घसरलं आणि वाकवलेलं कोपर मास्तरांना दिसलं.

"हे काय? कुणी शिकवलं तुला?"

"लिऊताईनं. म्हणजे शिकवलं नाही, मी बघितलं. सगळ्यांना माहीत आहे, मास्तर. मोठं झालं की वाद्य जातं ना."

"लिऊ असं कधीपासून करत होती?"

"तुम्ही कान गेला म्हणालात ना, त्याच्या आधी वर्षभर."

मास्तर खाली बसले. पोरं एकमेकांकडे बघत राहिली. त्या दिवशी पुढे वर्ग झाला नाही.

माझी कड सुटली होती, इथल्या दमट हवेत सरस टिकत नाही. दुसऱ्या दिवशी मास्तर मला सायकलला बांधून दुरुस्तीवाल्याकडे निघाले. तो उजवीकडे राहतो. ते डावीकडे वळले. तिसऱ्यांच्या टपरीपाशी उतरले, पेटी मांडीवर घेऊन बुटक्या स्टुलावर बसले. मला वाटलं, चला, माणूस आहे म्हणायचा.

"मास्तर, जेवलात का?" लिऊचा आवाज. भरदार झाला होता.

"नाही अजून."

तिनं वाडगा भरला. पेटी तिनं ओळखली असणार, कोपऱ्यातला चरा तिच्याच हातून पडलेला. काही विचारलं नाही. आईलाच राहवेना.

"मास्तर, ही घरात गुणगुणतसुद्धा नाही हो. मी म्हणते, म्हण की काहीतरी. तर म्हणते, बेसूर कशाला ऐकवू तुम्हाला."

मास्तरांची बोटं पेटीच्या कडीवर घट्ट झाली. मी आत वाट बघत राहिलो. चमचा वाडग्याला लागल्याचा आवाज. पुन्हा चमचा.

"मिरची देऊ आणखी?" लिऊनं विचारलं.

"दे," मास्तर म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "रस्सा चांगला झालाय."

खाऊन उठले. मला सायकलला बांधलं.

सरस लावून मला परत आणलंय. न्गा बाकावर बसलीय, मी कपाटात. लिऊ चौदाची झाली आणि अजून समजते की तिचा कान गेला. तिचा कान गेलेला नव्हता. तिचा हात वाढला होता. वाचणाऱ्यांपैकी कुणी त्या टपरीवर गेलात, तर तेवढं तिला सांगा. खरं तर ते सांगायचं काम दुसऱ्याचं आहे. मला मेलेलं लाकूड म्हणाला, त्याच्या माफीसाठी मीही थांबलोय, पण माझा नंबर तिच्यानंतर. त्या माणसाचं नाव विएन मास्तर.