उणे सहावरची काडी

मी एक जुना तापमापक आहे. अम्मानच्या विमानतळावर औषधांचं एक दुकान आहे. तिथल्या इन्सुलिनच्या फ्रीजमध्ये मी सतरा वर्षं टांगलेला आहे. माझ्या वाकड्या नळीत पारा आहे आणि त्यावर दोन बारीक पोलादी काड्या. पारा काडीला ढकलतो आणि मागे सरतो. काडी तिथेच राहते. सर्वांत जास्त उष्णता आणि सर्वांत जास्त थंडी मी अशी धरून ठेवतो. चुंबकाने काड्या खाली ओढल्या, तरच विसरतो.

दुकान सांभाळणाऱ्या डॉक्टर रिहाब रोज सकाळी मला वाचायच्या, वहीत नोंद करायच्या, मग दोरीला बांधलेलं चुंबक फिरवायच्या. "हा कधी खोटं बोलत नाही," असं म्हणायच्या.

त्या निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी वस्फी आला. त्याने दारावर आकडे चमकवणारं यंत्र बसवलं. ते फक्त आत्ताचं सांगतं. माझं चुंबक त्याने दोरीसकट कचऱ्यात टाकलं. "लटकू दे म्हाताऱ्याला. कोण बघतंय?"

मित्रांनो, त्या दिवसापासून मी वाट पाहत होतो.

रमजानातल्या एका दुपारी वस्फीने जर्दाळूच्या सरबताचं भांडं माझ्याशेजारी ठेवलं. रोजा सोडताना ते गारेगार हवं, म्हणून फ्रीजची कळ शेवटपर्यंत फिरवली. इन्सुलिन गोठलं. वितळल्यावर ते पुन्हा पाण्यासारखं स्वच्छ दिसतं, पण त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. अजान झाली, सरबत संपलं, कळ जागेवर आली. सकाळी दारावर आकडा होता पाच.

त्याच सकाळी मोरोक्कोतल्या फेझ शहरच्या, हज करून आलेल्या म्हाताऱ्या हज्जा नुझ्हा आल्या. त्यांची औषधांची पिशवी हरवलेल्या सामानात गेली होती आणि पुढे नऊ तासांचा प्रवास होता. त्यांनी साबण, दंतमंजन घेतलं, मग इन्सुलिन मागितलं.

"दार उघड बेटा, आधी आत बघते."

"हज्जा, आकडा बाहेरच आहे की! नवरीसारखं जपतो मी औषध."

"आमच्याकडे नवरीचा चेहरा बघूनच घरात घेतात."

त्यांनी चष्मा लावला, खोकी बाजूला केली आणि मला वाचलं.

"उणे सहा! हे कधी झालं रे?"

"ते म्हातारं बिघडलंय, हज्जा."

"मग चुंबकाने काडी खाली पाऱ्यावर आण. ती तुझ्या पाचवर आली नाही, तर बिघडलंय म्हणेन. चाळीस वर्षं प्रयोगशाळेत मुलांना हेच शिकवलंय मी."

वस्फीने खण उपसले, खिसे चाचपले. चुंबक कुठलं सापडायला! मला फार बरं वाटलं.

हज्जांनी तिथेच उभं राहून आरोग्य अधिकाऱ्यांना बोलावलं. सगळी खोकी जप्त झाली. विमानतळावरच्या डॉक्टरांनी त्यांना चांगलं औषध दिलं आणि त्यांचं विमान चुकलं नाही. वस्फीकडून फ्रीजची किल्ली काढून घेतली. आता तो साबण मांडतो.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा. नाही जपलंत, तरी त्या पाहत असतात.

नवं चुंबक आलं आहे. चौकशी संपेपर्यंत ते मला लावायचं नाही, असा अधिकाऱ्यांचा हुकूम आहे. साबण मांडता मांडता वस्फी काचेतून माझ्याकडे बघतो. काडी उणे सहावर आहे. मी ती हलू देत नाही.