एर्मेसचे डोळे

माझ्या रक्तात लोह साठलंय, म्हणून ते काढावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. रक्तातलं लोह दाखवणारा फेरिटिनचा आकडा भलताच वाढला होता. दर महिन्याला माझं पिशवीभर रक्त काढू लागले. थोड्याच दिवसांत मी कामाला जायचे त्या शिवणकामाच्या कारखान्याचा जिना चढताना मला धाप लागायला लागली. आमच्या खोऱ्यात बायका कुजबुजल्या, "लोरेदाना चोरून पीत असणार. यकृत गेलं!"

माझा धाकटा भाऊ एर्मेस खोऱ्यातून ब्रेशा शहराला जाणारी बस चालवायचा. रक्त काढायला तोच मला न्यायचा. पुढची जागा राखून ठेवायचा आणि परतताना हात धरून उतरवायचा. असा भाऊ मिळायला भाग्य लागतं, असं मी सगळ्यांना सांगायचे.

एका रविवारी आम्ही आईकडे जेवायला जमलो होतो. माझी मुलगी मिर्ना खिडकीसमोर बसली होती. उजेडाने तिला ताटातलं दिसेना आणि ती काटा नुसताच आपटत राहिली.

मक्याच्या पिठाचा पोलेंता ढवळता ढवळता आई म्हणाली, "तिला पाठ करून बसव गं. एर्मेसलाही असंच व्हायचं, ऑपरेशनच्या आधी."

"कसलं ऑपरेशन?"

आईचा हात थांबला. एर्मेसने मान खाली घातली.

"मोतीबिंदू," तो म्हणाला. "दोन्ही डोळे. गेल्या वर्षी, मिलानला."

"तेव्हा तू तर सुट्टीला समुद्रावर गेला होतास ना?"

"तिथे रक्तही तपासलं, लोरे. माझंही फेरिटिन तुझ्यासारखंच वाढलेलं. पण लोह साठलेलं नसतं म्हणे, नुसता आकडा वाढतो. आईकडून आलंय आपल्याला. मोतीबिंदूही त्यातलाच. रक्त काढू नका, म्हणाले."

"आणि तरी तू मला बसमध्ये घालून रक्त काढायला नेत राहिलास?"

"तुला सांगितलं असतं तर गावभर झालं असतं. डोळ्यांचं कंपनीला कळलं असतं तर बस गेली असती."

मी आईकडे पाहिलं. "मम्मा, तुला माहीत होतं?"

"त्याचं पोट आहे बसवर," आई म्हणाली. "रक्त काय, परत भरतं. म्हणून तर सशाचं काळीज दर रविवारी तुझ्याच ताटात वाढत होते ना!"

मी ताट बाजूला सारलं. मिर्नाला घेऊन मी तशीच उठले.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी मिलानला गेलो. दोघींनाही तेच निघालं. घरात आणखी कुणाला आहे, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं. 'माझं नाव घेऊ नकोस' असा एर्मेसचा निरोप आला होता. मी त्याचंही नाव सांगितलं, आईचंही. गावात कुणी विचारलं तरी लपवलं नाही.

बातमी कंपनीपर्यंत पोचली. त्यांनी एर्मेसचे डोळे तपासले. ऑपरेशन उत्तम झालं होतं, नजर स्वच्छ होती. त्याची बस त्याच्याकडेच राहिली. म्हणजे मी उगाचच पांढरी पडत गेले होते.

माझं रक्त काढणं बंद झालं आणि हळूहळू अंगात बळ आलं. मिर्नाचंही मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि तिला नीट दिसू लागलं. आजीचा तिला लळा आहे, म्हणून नाताळला आम्ही गेलो. आईने दारातच विचारलं, "कशी आहेस?"

"बरी आहे," मी म्हटलं. शेजारणीला सांगते तसं.