डाव्या पायातली चप्पल

चप्पल डाव्या पायाची होती. गिअरच्या दांड्याखाली, पत्र्यावर उताणी पडलेली... अंगठ्याला तांबडी सुतळी बांधलेली, म्हणजे आपलीच. त्रिंबकनं ती पाहिली, समोर बघितलं, टँकर वीतभर पुढं घेतला, थांबवला — आणि मग त्याच्या ध्यानात आलं, की चप्पल तिथं आहे तर क्लचवर काय आहे? त्यानं वाकून बघितलं. उघडा पाय. पेडलचं रबर कधीच झिजून गेलेलं, खाली नुसतं लोखंड, चैत्रातली दुपार, वर इंजिनाची धग — त्यावर उघडा तळवा टेकलेला आणि त्याला काही म्हणजे काही लागत नव्हतं. कधी निसटली? गेवराईच्या नाक्यावर? तलवाड्याच्या फाट्याला? अरे देवा, पायातली चप्पल जाते आणि माणसाला कळत नाही!

उमापूरचा बाजार भरला होता. पुढं बैलगाडी, तिच्यापुढं अजीजचा कलिंगडांचा गाडा, मागं कुणाचा तरी टेम्पो भोंगा वाजवून जीव खातोय, आणि मधे हा दूध संघाचा टँकर, पोटावर अजून ‘ताजे दूध’ लिहिलेलं. जनावरं छावणीला गेली, दूध आटलं, तेव्हा संघानं गाडी पाण्याला लावली. आता दोन्ही अंगांनी बाया चालत होत्या, कमरेवर हंडा आणि एक हात गाडीला. गाडीला पहिला हात ज्याचा, पहिलं पाणी त्याचं. हात सुटला की नंबर गेला, असा रिवाजच पडून गेला होता या दुष्काळात. भाजणाऱ्या पत्र्याला पदराचा बोळा लावून बाया चालायच्या, पण हात काढायच्या नाहीत. सगळ्यात पुढं चंद्रभागाबाई. सत्तरीची म्हातारी, थेट बंपरच्या डाव्या कोपऱ्याला धरून. इथून तिचा नुसता हिरवा पदर दिसत होता.

बैलगाडी पुढं सरकली की तो टँकर सरकवत होता. पाय वर, पाय खाली. पण आता प्रत्येक वेळी मनात येत होतं — खाली म्हणजे कुठवर?

खाजामियाँ उस्तादानं हे शिकवलं होतं. चढावर ट्रक उभा करायचा, मागच्या चाकामागं स्वतःचा जेवणाचा डबा ठेवायचा आणि म्हणायचा, “उचल गाडी, बे. मागं आली तर दोघंबी उपाशी.” पहिल्या दिवशी डबा चपटा झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा, पुन्हा चपटा. उस्तादाची बायको बीबीजानचाची घरून शिव्या पाठवायची. उस्ताद म्हणायचा, “कान नको लावू. तळव्यानं ऐक. बारीक कंप येतो, तिथं गाडी धरती.” आणि एक दिवस आला तो कंप, मुंगी चालल्यासारखा, आणि पंचवीस वर्षं तो येतच राहिला... राहिला ना? मग शेवटचा कधी आला होता? दिवाळीत? त्याच्याही आधी? मी इतके दिवस कशावर गाडी चालवतोय?

आठ दिवसांपूर्वी बायकोनं, वत्सलानं, त्याचा पाय धरून आरडाओरडा केला होता. करंगळीखाली काच रुतलेली, जखम काळी पडलेली. “एवढं रुतलंय, आन् तुमाला कळलं न्हाई? दवाखान्यात चला.” आणि आपण काय म्हणालो, तर ड्रायव्हरचं कातडं हाय, लई जाड असतंय! हसलो वर. मूर्ख. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जी भीती होती, ती आता त्याला कळली आणि हातपाय गार पडले — हात गार पडले. पायाचं कोण सांगणार?

बैलगाडी एकदम थांबली. त्यानं क्लच दाबला, ब्रेक दाबला... गाडी थांबेना. दमदार पहिला गिअर गाडीला पुढं रेटतच राहिला, त्यानं उजव्या पायावर सगळं अंग टाकलं, इंजिन आचका देऊन बंद पडलं आणि मागून टाकीतलं पाणी धाडकन येऊन आदळलं. हिरवा पदर दिसेनासा झाला. टण्ण.

त्यानं खाली बघितलं. डावा पाय क्लचच्या शेजारी, नुसत्या पत्र्यावर, जीव खाऊन दाबलेला होता. आपण दाबलं. शपथेवर सांगतो, आपण दाबलं होतं!

पदर वर आला. चंद्रभागाबाईनं हंडा उचलून फिरवून बघितला. बाजूला मोठा पोचा पडला होता. तिचा दुसरा हात अजून बंपरवरच होता.

“कावून रं त्रिंबक? पाणी पाजायच्या आधीच पोचवतो का म्हातारीला?”

बाया खदखदून हसल्या. त्याला हसता येईना. खिडकीतून तोंड काढून तो कसाबसा ओरडला, “काकू, लांब व्हा! गाडी सोडा! सगळ्याच लांब व्हा!”

“आन् नंबर?”

“नंबर तुमचाच हाय. मी सांगतो समद्यांला. हात काढा आधी!”

“आज काय झालंय याला?” म्हातारी मागच्या बाईला म्हणाली, आणि मग त्याच्याकडे मान वर करून, लेकराला समजावल्यासारखी, “आरं, दुसरा कुणी असता तर मी गाडीम्होरं पाय ठिवला नसता. तू हाय म्हणून चालते, बाबा. चल, ऊन लई झालं.”

पोचा पडलेला हंडा तिनं परत कमरेवर घेतला.

मागचा टेम्पो ठणाणा करत होता. बैलगाडी हलली, गाड्याएवढी मोकळी जागा पडली, आणि सगळ्या बाया त्याच्याकडे बघू लागल्या. खाली उतरून सांगावं — पण काय सांगावं? आणि सांगितलं की उद्या या गाडीवर कोण बसणार, पाणी कोण आणणार, आणि मी... मी कोण मग? त्यानं किल्ली धरली. किल्लीची कड बोटांत रुतली, चांगली टोचली, आणि ते टोचलेलं कळल्याबरोबर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

चंद्रभागाबाईनं बंपरवर थाप मारली. पाय क्लचवर होता की नव्हता, हे खाली बघितल्याशिवाय सांगता येत नव्हतं. आणि खाली बघावं तर तेवढ्या वेळात तो हिरवा पदर दिसणार नव्हता.